ळ

पर्वरीला एका बंद खोलीत, पंखाही बंद करून,
त्यांनी माझ्याकडून 'शाब्बास' एकवीस वेळा म्हणून घेतलं.
वेल्स्टन म्हणाला, बाई, हसून म्हणा, हसू ऐकू येतं.
'पुन्हा प्रयत्न कर' एकदाच हवं होतं:
राग नको, कीव नको, घाई नको.
सव्वीस वर्षं शाळेत घालवून
हे तिन्ही नसलेला आवाज
मला घशात सापडेना.
पाणी प्यायले. नवव्या खेपेला सापडला.

मग क ते ज्ञ.
प्रत्येक अक्षराआधीचा माझा श्वास
त्याने पडद्यावर दाखवला, एवढंसं निळं टेकाड,
आणि कापून टाकला.
म्हणाला, मुलांना वाटेल बाई दमल्या.

आज रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली.
साखळ्या खडखडल्या, लोखंडी फळी वर आली.
दोन गाड्या, अकरा स्कूटर,
पावाची टोपली बांधलेली एक सायकल,
बाकावर बांगड्यांची पिशवी घेतलेली आई,
तिच्या कुशीत पाचेक वर्षांची पोर,
पोरीच्या हातात कोपरा फुटलेला फोन
आणि फोनमध्ये मी.
माझ्याहून तरुण. माझ्याहून शहाणी.

'मचव्यात मासे भर', मी सांगत होते.
पोर बोटाने एकेक मासा ढकलत होती
आणि आपल्या घरच्या भाषेत मोजत होती:
पांच, स, सात, आठ, णव, धा.
'दहा!' मी म्हणाले, 'शाब्बास!'
तिचा धा आणि माझा दहा
एकाच मचव्यात बसले.
मचवा हललासुद्धा नाही.

पुढे ळ आला.

ह्या अक्षराने एकही शब्द सुरू होत नाही.
खेळ करणाऱ्यांनाही चित्र मिळेना,
शेवटी नारळ काढला आणि ळ त्याच्या शेपटाला ठेवला.
ठिपक्यांवरून बोट फिरवायचं.
तिचं बोट पहिल्या वेटोळ्यात शिरलं
आणि बाहेरची वाट विसरलं.
पुन्हा प्रयत्न कर.
परत शिरलं.
पुन्हा प्रयत्न कर.
बाजूच्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या.
पुन्हा प्रयत्न कर, मी म्हणाले,
तितक्याच मायेने, एका दाण्याचाही फरक न करता.

केप्याच्या आत, डोंगराखालच्या शाळेत
दुर्गेश वेळीप वर्षभर 'वेलीप' लिहायचा.
फुटपट्टी मी फारशी उचलली नाही,
जीभ उचलली.
स्वतःचं आडनाव येत नाही रे?
वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन.
हसू ऐकू येतं.
पट सातवर आला तेव्हा ती शाळा मिटली.
दुर्गेश आता ट्रक चालवतो म्हणे,
सही इंग्रजीत करतो.
तिथे ळ लागत नाही.

नदी अर्धी झाली होती.
मी पोरीकडे वाकले, म्हटलं,
थांब. आधी श्वास घे.
मग पहिला गोल, मग पोटाशी वळण, मग दुसरा.
घसरलं बोट तर घसरू दे.

तिने फोनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
फोन उलटा करून त्याची पाठ तपासली,
मग हळूच विचारलं,
'भायर कशी आयली तूं?'

एवढ्यात चोडणचा काठ बोटीला धडकला.
उठ गो उर्वी, आई म्हणाली,
आणि फोन घाईत पिशवीत गेला, बांगड्यांच्या अंगावर.
स्कूटर एकदम सुरू झाल्या.
त्या गदारोळात, फळीवरून वर चढत जाणाऱ्या
त्या ओल्या पिशवीतून
मी अजून सांगतच होते,
न रागावता,
श्वास न घेता.